वरची पुडी

खोकं बंद होत नव्हतं. झाकणाच्या दोन्ही पाखांवर तिने अंगाचा सगळा भार टाकला होता, आणि तिचा नवरा चिकटपट्टीचं रीळ हातात धरून संधीची वाट बघत उभा होता. पण पाखं जरा जवळ आली की आतलं काहीतरी उसळी मारायचं आणि पुन्हा फट पडायची. बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची धग होती, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि पुढच्या दुकानातून धाकटा ओरडून सांगत होता की गिऱ्हाईक खोळंबलंय, कोणीतरी सुटे पाव कापायला या.

"एखादी वस्तू काढ ना त्यातली," नवरा म्हणाला. "लढाईवर गेलाय तो, लग्नाला नाही."

"तुम्हीच काढून दाखवा."

नवऱ्याने आत डोकावून पाहिलं. लोकरीचे मोजे, पायाला पडलेल्या भेगांचं मलम, दाढीची पाती, मेणबत्त्या, साबणाच्या वड्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध टोस्ट-बिस्किटांचा पत्र्याचा डबा. सगळ्यात वर कागदात बांधून सुतळी गुंडाळलेली एक छोटी पुडी. त्याचा हात त्या पुडीकडे वळला मात्र... तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात मागे घेतला आणि निमूटपणे नखाने चिकटपट्टीचं टोक शोधू लागला.

त्या पुडीत काय असतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बिस्किटांचा ट्रे भट्टीतून बाहेर आला की भिंतीकडच्या रांगेतल्या बिस्किटांच्या कडा करपलेल्या असायच्या. गिऱ्हाइकाच्या हातात त्या देता येत नाहीत. पण मोठ्याला, तिच्या सवतीच्या मुलाला, लहानपणापासून वेड होतं ते त्या करपलेल्या कडांचंच. ती या घरात लग्न करून आली तेव्हा तो चार वर्षांचा होता, पिठाच्या पोत्यांमागे लपून बसायचा आणि तिची चाहूल लागली की डोळे गच्च मिटून घ्यायचा, म्हणजे जणू तोच तिला दिसणार नाही! तिने हाका मारल्या नाहीत, लाडीगोडी लावली नाही. एक करपलेली कड पोत्यावर ठेवली आणि आपल्या कामाला लागली. मग दुसऱ्या दिवशी दुसरी. असं करत करत एके दिवशी त्याने ती तिच्या हातातून घेतली. पोटचा मुलगा तिला नंतर झाला. पण आई ती त्या दिवशी झाली, असं ती स्वतःच कितीदा म्हणायची.

म्हणायची... आता म्हणत नव्हती.

गावातली माणसं मात्र म्हणत होती. टपालाच्या रांगेत ती खोकं घेऊन उभी राहिली की कोणी ना कोणी म्हणायचंच, की बघा, सावत्र असून सख्खी करणार नाही इतकं करते. शेजारची शिंपीण तर आपल्या सुनेला तिचं उदाहरण द्यायची. अशी प्रत्येक वाहवा तिला दाभणासारखी टोचायची. कारण खरं काय ते तिला माहीत होतं. खरं काय ते, तिच्या मते, आणखी फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो दूर सीमेवरच्या एका दगडी खिंडीत बंदूक घेऊन उभा होता.

घरटी एक, असा तेव्हा कायदा निघाला होता. ज्या घरात दोन मुलगे, तिथला एक सैन्यात जायचा. कोणता, ते घराने ठरवायचं. नोंदणीचा कारकून दुपारी जेवणाच्या वेळेलाच दारात आला. भला माणूस होता बिचारा, अवघडून टेबलाच्या टोकाशी बसला. दोघे मुलगे शेजारी शेजारी जेवत होते, नवरा समोर बसला होता, आणि ती मुलांच्या खुर्च्यांमागे पाण्याचा जग घेऊन उभी होती. कारकुनाने पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कोणाचं नाव लिहू?"

कोणीच बोललं नाही. नवरा ताटातल्या घासाकडे बघत राहिला. आणि त्या शांततेत, तिच्या मनाने काही ठरवण्याआधी, तिचा रिकामा हात उचलला गेला आणि धाकट्याच्या खांद्यावर जाऊन बसला. बसला म्हणजे कसा... घारीने झडप घालण्याआधी कोंबडी पिल्लावर पंख टाकते तसा.

मोठ्याने मान वर केली. तिच्या तोंडाकडे नाही पाहिलं त्याने. हाताकडे पाहिलं.

"माझं लिहा," तो म्हणाला, आणि ताटात उरलेलं जेवण शांतपणे संपवून उठला.

एक शब्द उच्चारला नव्हता तिने. कोर्टात उभं केलं असतं तरी तिच्यावर काही सिद्ध झालं नसतं. मागून ती स्वतःला समजावायची की धाकट्याची छाती नाजूक, लहानपणी दर थंडीत त्याला धाप लागायची, डोंगरावरच्या गारठ्यात त्याचा निभाव लागला नसता. मोठा कसा दणकट, भट्टीपुढे घडलेला! सगळं खरं होतं, आणि सगळं निमित्त होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिने जन्मभर दुसऱ्या बायकांना ऐकवली होती. ती अशी आपल्याच घरात, आपल्याच हाताने खरी झालेली तिने पाहिली, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मोठा गेला. फोन करायचा तो बापाला, आणि तोही कधीमधी. तिच्याबद्दल विचारायचा, नाही असं नाही. "घरी सगळे बरे ना?" त्या 'सगळे'मध्ये ती असायची.

आणि म्हणून ती खोकी पाठवायची. सैन्याचा नियम असा की एका माणसाला एकच खोकं, ठरलेल्या मापाचं, त्याहून रतीभर मोठं नाही. त्या मापात ती आपला सगळा अपराध कोंबायला बघायची, आणि म्हणूनच ते कधी धड बंद व्हायचं नाही.

ते खोकं गेल्यावर थोड्याच दिवसांनी, दुपारची सामसूम असताना, एक उंचच उंच जवान बेकरीत शिरला. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून त्याने मान वाकवली, ती आत आल्यावरही तशीच ठेवली. मोठ्याच्याच तुकडीतला तो. तिथे त्याला सगळे लांब्या म्हणत, आणि त्याने स्वतःची ओळखही तशीच करून दिली. रजेवर घरी चालला होता, वाटेत गाडी बदलायची होती, म्हटलं डबेवाल्या काकूंना भेटून जावं.

तिला काय करू नि काय नको असं झालं. नवरा भट्टीवरून हात पुसत आला, धाकट्याने खुर्ची दिली, चहा झाला, ताजे पाव पुढे आले. मोठा कसा आहे, वाळलाय का, झोपायला काय आहे, पायाच्या भेगा बऱ्या झाल्या का, असं तिने विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं, आणि लांब्या पावाचे लचके तोडत हसत हसत उत्तरं देत होता. तो बरा होता. फार बोलायचा नाही, पण पहाऱ्यावर दुसऱ्याची पाळी आपणहून घ्यायचा. खोकं आलं की मात्र सगळ्या तुकडीची दिवाणखान्यात बसल्यासारखी चंगळ असायची.

"फक्त एक सांगू का काकू? रागावू नका हं. टोस्टला साबणाचा वास येतो. आम्ही त्याला आंघोळीचा टोस्ट म्हणतो. खाल्ला की पाणी पिऊन तोंडाला फेस येतो का ते बघतो."

नवरा इतका हसला की त्याच्या भुवयांवरचं पीठ खाली सांडलं. तीही हसली. साबण टोस्टाजवळ ठेवू नये हे बेकरीतल्या मांजरालाही कळतं, पण एकच खोकं, काय करणार... तिने साबण तीन-तीन कागदांत गुंडाळला होता! ती हसत म्हणाली की अरे, मग त्याने कळवायचं नाही का मला, मी काहीतरी युक्ती केली असती.

"त्याला कसं कळणार? तो कुठे खातो?" लांब्या सहज म्हणाला, आणि दुसरा पाव उचलला. "त्याला गोड चालत नाही ना. खोकं आलं की चाकूने पट्टी कापून देतो, म्हणतो, घ्या रे, आणि बूट पुसायला निघून जातो. मोजेसुद्धा आम्हीच वाटून घेतो. हे बघा, हे तुमचेच." त्याने पाय पुढे करून दाखवला. "एवढंच, ती वरची पुडी तेवढी देऊ नका काकू. दर वेळी करपलेली असते. चुकून येत असेल. ती आम्ही कुत्र्याला घालतो."

खोलीतलं हसू कुठल्या कुठे गेलं. लांब्याला कळेना की आपण काय बोललो. त्याने पाव अर्धाच खाल्ला, आणि तो तसाच हातात धरून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

ती उठली. कपाटातून पिशवी काढली, तिच्यात टोस्ट भरू लागली, आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारू लागली की तुकडीत अजून कोण कोण आहे, कोणाला काय आवडतं. लांब्या बिचारा सांगत गेला. एकाला जिऱ्याची बिस्किटं, एकाला काहीही चालतं पण दात दुखतात म्हणून मऊ हवं, स्वयंपाक्याला मिरी. ती मान डोलावत होती. कोणाच्या मोज्यांचं माप काय तेही तिने विचारून घेतलं. लांब्याला गाडीपर्यंत पोचवायला धाकटा गेला, तेव्हा कुठे ती पिठाच्या पोत्यावर बसली, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून अशी रडली की लोहाराचा भाता चालावा तसा तिचा श्वास चालला होता.

"पुरे आता," नवरा म्हणाला. "बंद कर हे पाठवणं. ज्याला नको त्याच्या गळ्यात किती दिवस बांधशील?"

"तो खात नसेल तर त्याच्या शेजारचे खातात. त्यांच्या आयांनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला असेल, नसेल, मला काय माहीत... पण त्यांच्या पोटात जातंय ना? जाऊ दे."

हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. हाताबद्दल ती आजवर कोणापाशी अवाक्षर बोलली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याशेजारी पोत्यावर बसला.

"मी पाहिला होता तुझा हात," तो हळू म्हणाला. "ताटाकडे बघत होतो, पण पाहिला होता. बोलायचं मी होतं. बाप मी. तू हात ठेवलास, म्हणून मला बोलावं लागलं नाही... मला बरंच वाटलं गं तेव्हा. तेव्हापासून तुझ्यावर राग धरून मी सुटल्यासारखा वावरतोय."

आणि दारात धाकटा उभा होता. लांब्याची गाडी लवकर सुटली होती.

धाकटा तसा हसऱ्या स्वभावाचा, कशालाही मनावर न घेणारा. घरात त्याला हसण्यावारीच न्यायचे सगळे. पण त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून ती पोत्यावरून उठली. तो म्हणाला की दादा स्वतःहून गेला असंच मला वाटत होतं, मी तेव्हा मान खाली घालून जेवत होतो, तुझा हात तर तू नेहमीच ठेवतेस... मला काय ठाऊक की त्या हाताने माझं नाव पुसलं!

"तुझी छाती..." ती म्हणाली.

"आई, दोन वर्षं झाली, पिठाची पोती मी उचलतोय. दादा गेल्यापासून कोण उचलतं मग? तू रोज बघतेस. छाती कुठे आडवी येते?"

रोज बघत होती ती, आणि रोज डोळेझाक करत होती.

कायद्यात बदलीची सोय होती. भावाच्या जागी भाऊ जाऊ शकत होता, मात्र जो तिथे रुजू आहे त्याने हो म्हटलं पाहिजे. धाकट्याने सांगून टाकलं की उद्या सकाळी नोंदणीच्या कचेरीत जाणार. नवरा काही बोलायला गेला आणि थांबला. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. पाया पडावं, दार अडवावं, जेवण सोडावं, आईला येणारी सगळी शस्त्रं तिच्यापाशी होती. पण ती एवढंच म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. एकदा एकाला धरून ठेवलं... आता कोणाला धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गर्दी होती. तोच कारकून होता, केस जरा पिकलेले. त्याने धाकट्याला आत नेलं, कोणीतरी छाती तपासली, ठणठणीत निघाली, आणि मग खिंडीतल्या ठाण्याला निरोप गेला की रुजू भावाला विचारून कळवा. उत्तर यायला वेळ लागणार होता. ती बाहेरच्या लाकडी बाकावर बसली. शेजारी धाकटा पाय हलवत, समोरच्या भिंतीवरच्या चित्रातल्या जवानाच्या मिशांची चेष्टा करत बसला होता, आईला हसवायला बघत होता. ती हसतही होती. आणि त्या हसण्याखाली तिच्या काळजात एकच धावा चालला होता, की मोठ्याला 'नको' म्हणू दे... देवा, मोठ्याला 'नको' म्हणू दे!

ते तिचं तिलाच ऐकू आलं, तशी ती गारठली. म्हणजे पुन्हा तेच. इतकी खोकी पाठवून, इतके अश्रू गाळून, हात मांडीवर घट्ट दाबून बसूनसुद्धा, मनाने पुन्हा त्याच खांद्यावर हात ठेवला होता! तिला वाटलं की या बाकासकट जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण कचेऱ्यांची जमीन तशी दुभंगत नाही. तिथे आपलं आपणच बसून राहावं लागतं.

उत्तर आलं, आणि ते नकाराचं होतं. कारकुनाने सांगितलं की रुजू माणूस बदली नको म्हणतो. धाकट्याचा चेहरा उतरला. आणि तिला जो सुटल्यासारखा श्वास आला, त्या श्वासाची तिला इतकी शरम वाटली की घरी येईपर्यंत तिने धाकट्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

संध्याकाळी बेकरीतला फोन वाजला. ट्रे उतरवायची घाई चालली होती, नवऱ्याने फोन उचलला, दोन शब्द ऐकले, आणि तिच्यापुढे केला. "तुला देऊ का विचारतोय... म्हणजे, तुला दे म्हणतोय," तो गोंधळून म्हणाला.

तिने पिठाच्या हातानेच फोन घेतला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"त्याला पाठवू नका," मोठा म्हणाला. काही प्रस्तावना नाही. "इथे टिकायचा नाही तो. छातीचं म्हणत नाही. पहाटे त्याला उठवायला दोन माणसं लागतात, इथे कोण उठवणार?"

"तो आपणहून निघाला होता. मी अडवलं नाही."

"कळलं मला."

ती फोनची तार बोटाला गुंडाळत होती. आत्ता नाही बोललो तर हे तोंड जन्मात उघडणार नाही, असं तिला वाटलं.

"तू पाहिला होतास ना... त्या दिवशी, माझा हात?"

"पाहिला."

"त्याची छाती नाजूक म्हणून नाही रे. ते मी मागून जुळवलं. मी त्याला निवडलं... तू समोर असून त्याला निवडलं. आणि खोटं बोलणार नाही, आज कचेरीतल्या बाकावरसुद्धा मी तेच मागत होते, की तू नाही म्हणावंस. दुसऱ्यांदा केलं मी तुझ्याशी हे. मला क्षमा कर असं म्हणायचं तोंड नाही मला. फक्त तुला खरं कळावं..."

भट्टीपाशी नवरा आणि धाकटा हातातले ट्रे तसेच धरून उभे होते. कोणाला ते खाली ठेवायचं भान नव्हतं.

"खरं होतंच कळलेलं," मोठा म्हणाला. "पहिलं खोकं आलं ना, ते मी उघडलं होतं. वर ती पुडी होती. सोडून बघितली. करपलेल्या कडा... तेव्हा मला जेवढा राग आला तेवढा त्या दिवशी टेबलाशीही आला नव्हता."

"का रे?"

"तुला सगळं आठवत होतं म्हणून. मला काय आवडतं, पायाला भेगा पडतात, कुठलं मलम चालतं. विसरली असतीस, तर म्हटलं असतं, जाऊ दे, सावत्र आहे. पण तुला सगळं आठवत होतं, आणि तरी..." वाऱ्याचा आवाज आला नि गेला. "मग मी सगळ्यांना सांगितलं की मला गोड चालत नाही. एकदा सांगितल्यावर मग खाणार कसं? चांगली बिस्किटं डोळ्यांदेखत संपायची. त्या लांब्याला तर मी दोनदा मारणार होतो."

ती रडत होती, आणि रडता रडता तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची तिला पुन्हा लाज वाटत होती.

"बदलीला नाही का म्हणालो, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही," तो म्हणाला. "त्याच्यासाठी म्हणालो, की तू सुटावीस म्हणून, की तू कधीच सुटू नयेस म्हणून... काय माहीत. तिन्ही असेल."

"असू दे," ती म्हणाली. "तिन्ही असू दे."

"राग अजून आहे माझा."

"असू दे रे."

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली, पहाऱ्याची वेळ झाली होती. त्याने 'आलो' म्हणून ओरडून सांगितलं. आता तो फोन ठेवणार, हे तिला कळलं. एवढ्यात तो म्हणाला,

"अगं, आणि एक नेलकटर पाठव. माझा हरवलाय. दुसऱ्याचा मागायला नको वाटतं, आणि चाकूने कापायला गेलं की बोट कापतं."

फोन बंद झाला तरी ती तो कानाला धरून उभी होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला. तिला धड सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, "नेलकटर पाठव म्हणाला," आणि त्या बापाने हातातला ट्रे खाली ठेवून बाहीने डोळे पुसले. धाकट्याने तेवढ्यात विचारलं की त्यात रडण्यासारखं काय आहे, आणि मग तोच तोंड फिरवून भट्टीत बघायला लागला.

दुकानं बंद व्हायच्या आत ती बाहेर पडली. अंगावरचं पीठही झटकलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या किरकोळ सामानाच्या दुकानदाराने तिला पाहून नेहमीप्रमाणे चिकटपट्टी पुढे केली. तिने मान हलवली आणि नेलकटर मागितला. त्याने एक काढून दिला. तिने तो हातात घेतला, दाबून पाहिला, आणि तिथेच उभ्या उभ्या आपल्या अंगठ्याचं नख त्याच्यात धरलं. कट्कन आवाज झाला. नखाखालचं वाळलेलं पीठ दुकानाच्या फळीवर सांडलं.

"चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "बायकांच्या हाताला एकदम हलका."

"बायकांना नकोय," ती म्हणाली. "माझ्या मुलाला पाहिजे. त्याची नखं जाड आहेत, दोन्ही अंगठ्यांची तर फारच. याला नाही आवरायची." आणि तिने तो बाजूला ठेवून हात पुढे केला. "दुसरा दाखवा."